घडलेला उपास

टेट्टामावशीच्या गाठोड्यातून फणी खाली पडली आणि देवळाच्या पायरीवर बसलेले सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. पाद्रीबाबा प्लेगविन नुकतेच उपासाचे नियम सांगून आत वळले होते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारपर्यंत दिवसातून एकदाच, ऊन कलल्यावर, जवाची कोरडी भाकरी आणि पाणी. भाकरीला मीठ नाही. पायांत काही घालायचं नाही. लोखंडाला हात लावायचा नाही. केसांना फणी लावायची नाही. एवढं झालं आणि त्यांच्या पाठोपाठ कारभाऱ्याच्या घरून दानाची गाठोडी आली, जुन्या कपड्यालत्त्यांची, उपास करणाऱ्या बारा जणांना एकेक, आणि मावशीच्या गाठोड्यात नेमकी फणी. "घ्या!" मावशी म्हणाली. "फणी लावू नका म्हणायचं आणि फणीच पाठवायची. मोठ्या घरचं सगळंच मोठं." कोणीतरी म्हणालं, "तुझ्या डोक्यावर केस तरी किती उरलेत, मावशी?" "फणीला दाते आहेत तेवढे तरी आहेत," मावशी म्हणाली. टाटविनही हसला. हसता हसताच त्याने ती फणी उचलून तिला द्यायला हात पुढे केला, आणि सवयीने त्याचा अंगठा दात्यांवरून फिरला. फणी करणाऱ्याचा अंगठा तो, कोणतीही फणी हातात आली की आपला आपण फिरतो. शेवटाकडे एका दात्याच्या जागी खाच होती. तिथे अंगठा थांबला. मग हसू थांबलं. बाकीचे अजून हसत होते, म्हणून त्याने तोंड तसंच उघडं ठेवलं.

हरणाच्या शिंगाच्या पातळ चकत्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवायच्या, खिळ्यांनी आवळायच्या आणि मग करवतीने दाते पाडायचे. शिंगाच्या रेषा दात्याच्या लांबीने जायला हव्यात. आडव्या गेल्या तर दाता पहिल्याच गुंत्यात मोडतो, हे टाटविनला बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी त्या एका फणीत त्याने शेवटची चकती आडव्या रेषांची लावली होती. तुकडा वाया जात होता, आणि फणी गिऱ्हाइकाची नव्हती, लेओफाची होती. भावाच्या फणीत डोकं कोण घालतंय? लेओफाने घातलं. पहिल्याच दिवशी दाता मोडला आणि तो फणी नाचवत आला, "बघ दादा, हिचा दात अगदी तुझ्यासारखा पडलाय." लेओफाला केसांचा फार सोस. वाऱ्यात दिवसभर कारभाऱ्याची होडी वल्हवायची, आणि किनाऱ्याला लागल्याबरोबर आधी केस विंचरायचे, मग होडी बांधायची. एकदा या क्रमापायी होडी वाहून गेली होती. फणी त्याच्या कमरेला दोरीने बांधलेली असे. झोपतानासुद्धा. गेल्याच्या आदल्या पानगळीत तो समुद्रापलीकडच्या फ्रिसियन व्यापाऱ्यांच्या जहाजात बसून पळून गेला, असं सगळ्या हॅमविक बंदराला माहीत होतं. पळून जाणारा माणूस घर सोडतो, भाऊ सोडतो, हे टाटविनने मनाला समजावलं होतं. फणी सोडतो, हे कसं समजवायचं?

"दे की," मावशी म्हणाली. "का तूच विकणार पुन्हा?" त्याने फणी दिली. हात रिकामा झाला तरी अंगठा त्या खाचेतच राहिला.

हॅमविकमध्ये दुसऱ्यासाठी उपास करणं हे एक काम होतं. लोकर धुणं, सरपण फोडणं, जहाजांना डांबर लावणं, तसं. मोठ्या माणसाच्या हातून पाप घडलं आणि त्याने ते पाद्रीबाबांजवळ कबूल केलं, की प्रायश्चित्त ठरायचं, आणि ते बहुतेक वेळा उपासाचं असायचं, आणि मोठ्या माणसाला उपास झेपत नाही हे तर दिसतंच. त्याला राजाची कामं असतात, पाहुणे असतात, मेजवान्या असतात. तेव्हा त्याच्या वतीने इतरांनी उपाशी राहायचं. ज्यांना उपाशी राहायची सवय आहे असे लोक बंदरात भरपूर होते. पोतंभर जव आगाऊ मिळे, आणि शेवटी सगळं रीतसर पार पडलं की अंगावर घालायला लोकरीचं काही. दूरच्या कुठल्या सभेत काही बिशपांनी ही रीत वाईट ठरवली आहे अशी वदंता होती, पण वाईट बातम्या हॅमविकला उशिराच पोचत. पाप काय घडलं आहे हे उपास करणाऱ्याला कधी सांगत नसत. ते पाद्री आणि पापी यांच्यातलं. पण नियमांवरून थोडं कळतंच. मीठ बंद म्हणजे खोटं बोलणं. लोखंड बंद म्हणजे रक्त. या वेळचा उपास कारभाऱ्यासाठी होता. सकाळी पाद्रीबाबांच्या तोंडून 'लोखंड' हा शब्द आला तेव्हा पायरीवर प्रत्येकाने आपापल्या मनात कारभाऱ्यासाठी एक सोयीचा मेलेला माणूस निवडला होता. टाटविनने एक दर्यावर्दी निवडला होता. परदेशी, दारुडा, ज्याची आई इथे नव्हती. त्याच्यासाठी उपाशी राहायला काही वाटत नव्हतं.

घराकडे जाताना खडी पायाला टोचू लागली. हॅमविकच्या रस्त्यांवर खडी टाकून घेतली ती विगहेर्ड कारभाऱ्याने. त्याआधी इथे डुकरांना आणि माणसांना सारखाच चिखल होता. येणाऱ्या जहाजांचा कर गोळा करायचा, रस्ते राखायचे, चोर पकडायचे आणि चोरांचा न्यायही करायचा, ही सगळी कामं राजाने एकाच माणसाला दिली होती, आणि तो ती नीट करी, असं सगळे म्हणत. टाटविनही म्हणत असे. पानगळीत त्या सकाळी कारभारी स्वतः चालत त्याच्या घरी आला होता. शिंगं उकळत होती, त्यांचा वास घरभर होता, आणि एवढा मोठा माणूस नाकाला हात न लावता तिपाईवर बसला, याचंच टाटविनला अप्रूप वाटलं होतं. "तुझा भाऊ गेला रे," कारभारी हलक्या आवाजात म्हणाला होता. "फ्रिसियनांच्या जहाजात. माझ्या वखारीतला कापडाचा तागा घेऊन." टाटविन उभाच राहिला. "बोभाटा करणार नाही मी. घरंदाज माणूस आहेस. भरपाई दे, आणि आपण दोघांनी विषय मिटवू." टाटविनने हिवाळ्यासाठी साठवलेली शिंगं दिली, सगळी. कारभाऱ्याची माणसं ती हातगाडीवर घालून नेत होती तेव्हा दारात उभं राहून त्याने आभार मानले होते. हे आता आठवलं आणि तो खडीत थांबला. शब्दसुद्धा आठवले. 'धनी, उपकार झाले.' पलीकडे एक डुकरीण पिल्लांना घेऊन कुंपणाला अंग घासत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा घासायला लागली.

आभार मानले हे एक वेळ ठीक. त्याने विश्वासही ठेवला होता. लगेच, सहज, जणू ती जागा मनात आधीपासून मोकळीच होती. त्यानंतर वर्षभर तो लेओफाला शिव्या देत जगला. शिंगं नव्हती म्हणून फण्या नव्हत्या, फण्या नव्हत्या म्हणून भाकरी नव्हती, आणि प्रत्येक न मिळालेल्या भाकरीबरोबर एक शिवी. चोरट्या. केसाळ्या. आणि त्या वेळी लेओफा कुठे होता? इचेन नदी भरतीला फुगते आणि ओहोटीला पार तळ दाखवते, पण बंदराच्या खालच्या बाजूला एक जागा आहे तिथला गाळ कधीच उघडा पडत नाही.

घरात जवाचं पोतं होतं. तोंड सोडलेलं. काल संध्याकाळी, उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, त्याने त्यातली पेज केली होती, चांगली दाट, कांद्याची पात घालून, आणि भांडं बोटाने निपटून खाल्लं होतं. हिवाळ्यातलं पहिलं पोटभर जेवण. ते आता कुठवर गेलं असेल? पोटातून रक्तात, रक्तातून हातात. त्याने हात पुढे धरून बघितले. दोन्ही नेहमीचेच, करवतीच्या घट्ट्यांचे. पण त्यांच्यात आता कारभाऱ्याचे जव होते, आणि कारभाऱ्याच्या जवात काय होतं कोण जाणे. त्याला बाहेर जाऊन ओकावं असं वाटलं, पण ओकायलाही आता काही उरलं नव्हतं. सगळं अंगी लागलं होतं.

तो लहान असताना एक हिवाळा असा आला होता की घरात शिंगंच उकळत होती, दुसरं उकळायला काही नव्हतं. लेओफा तेव्हा एवढासा. देवळात उपासाचं काही ऐकून आला होता. "आई, आज आपण उपास केला?" आई म्हणाली, "केला नाही रे. घडला. करणारे वेगळे." लेओफाला हा फरक फार आवडला. मग तो दिवसभर विचारत राहिला. पाऊस केला की घडला? बाबा मेले ते त्यांनी केलं की घडलं? शेवटी आईने त्याला पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "हा मी केला." पुढे आईने ते प्लेगविनांना विचारलं होतं, ते नवे पाद्री होते तेव्हा, गालांवर नुकती दाढी. ते प्रामाणिकपणे म्हणाले होते, "बाई, घरात नाही म्हणून उपाशी राहणं हा उपास नव्हे. ती नुसती भूक. समोर भाकरी असावी आणि ती मनाने बाजूला सारावी, हे देव बघतो." आई घरी येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आपली भूक देवाच्या खिजगणतीत नाही. कळलं ते बरं झालं. उगाच आशा लागून राहिली होती."

त्याने पोत्याचं तोंड बांधलं, ते खांद्यावर घेतलं आणि टेट्टामावशीच्या झोपडीशी नेऊन टाकलं. मावशी दारातच बसली होती, अनवाणी पाय उन्हात पसरून. "हे काय?"

"जव."

"ते दिसतंय. मला का?"

"मला नको."

"अरे, डोकं फिरलं का तुझं? दिवस बुडताना भाकरी कशाची करशील?"

"बघीन."

"बघून पोट भरतं होय? अरे, उपास करायचा म्हणजे घरात धान्य हवं. पाद्रीबाबांचं म्हणणं ऐकलंस ना? घरात धान्य नसेल तर तो उपास कसला?" ती थांबली. तिच्या मांडीवर फणी होती. तिने ती पदराखाली सारली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. टाटविनने तिच्याकडे पाहिलं. तिने तिसरीकडेच पाहिलं. तिला काही कळलं आहे, हे त्याला कळलं. बंदरात सगळ्यांना सगळंच थोडंथोडं कळत असे, आणि कोणी ते एकत्र ठेवत नसे. "पोतं मागच्या बाजूला ठेव," मावशी हळू म्हणाली. "आणि काही बोलू नकोस. मी फार म्हातारी आहे, मला ऐकू येत नाही."

त्यानंतरचे दिवस एकात एक मिसळले. लोखंड चालत नव्हतं म्हणून करवत खुंटीवर होती. कामच नव्हतं. ओहोटीला तो गाळातले शिंपले वेचून आणी, त्यातले बरेचसे रिकामे निघत. कधी पाल्याचं पाणी. कधी तेही नाही. हाव गेली, मग ग्लानी आली, मग एक विचित्र स्वच्छता आली. कापड झिजत झिजत पातळ झालं की त्यातून पलीकडचं दिसायला लागतं, तसा तो झिजला. आणि पलीकडचं दिसायला लागलं. आधी लेओफाची पाठ, होडीत, वल्ह्यावर वाकलेली. ते ठीक होतं, ते त्याने कितीदा तरी खरोखर बघितलं होतं. मग लेओफा वळायचा. काहीतरी म्हणायचा, ते ऐकू यायचं नाही. केस वाऱ्याने तोंडावर यायचे, ते बाजूला करायला तो हात वर करायचा, आणि तेवढ्यात टाटविनला त्याच्या स्वतःच्या उजव्या खांद्यात एक झटका बसायचा. प्रत्येक वेळी तोच. पहिले काही दिवस तो समजत होता की तो झटका लेओफाला बसतो आणि भावाला भावाचं दुखतं. मग एका दुपारी कुंपणाला टेकून बसला असताना त्याच्या ध्यानात आलं की लेओफाचा चेहरा आपल्याला समोरून दिसतो आहे. मारणाऱ्याला दिसेल तसा. तो झटका मार खाणाऱ्याच्या खांद्यातला नाही. मारणाऱ्याच्या खांद्यातला आहे. तो ताडकन उठला आणि डोकं पाण्याच्या पिंपात बुडवलं. पाण्यात बघितलं तर न विंचरलेले केस, खोल गेलेले डोळे. लेओफाला हे रूप बघवलं नसतं. आपण कोणाचा उपास करतो आहोत? पाप वाटून घ्यायचं म्हणतात, मग वाटून घेताना तेच येत असेल ना हातात, वासासकट, चेहऱ्यासकट? का हे आपलंच आहे? चोरट्या, केसाळ्या. हे कोणाच्या तोंडचं होतं? कारभाऱ्याच्या नव्हे.

एकदा कारभारी रस्त्यात समोर आला. घोड्यावर नव्हता, मुद्दाम चालत होता. "काय फणीवाल्या," तो मोकळेपणाने म्हणाला, "कसं आहे माझं पोट?" बरोबरची माणसं हसली. उपास करणाऱ्यांना तो 'माझं पोट' म्हणत असे. टाटविन म्हणाला, "आहे, धनी." कारभारी जवळ आला. त्याच्या मिशांना माशाच्या तेलाचा वास होता. तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाळलास. बाकीचे चोरून खातात रे, मला माहीत आहे. त्या म्हातारीकडे तर म्हणे पेज शिजते. तू नाही खाणार. पाद्रीबाबांनी बारा जण गोळा केले ना, त्यात तुझं नाव मी घातलं." टाटविनला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. "मीच का, धनी?" कारभाऱ्याचा हात खांद्यावर होता, उजव्या, झटक्याच्या जागी. तो थोडा वेळ तसाच राहिला. "तू केलास," कारभारी म्हणाला, "की बरं वाटेल मला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. टाटविनला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली. रागावलेला, धमकावणारा कारभारी त्याला समजला असता. हा आपल्या भुकेत येऊन हात धुऊ बघत होता, आणि मनापासून.

त्या दिवशी तो प्लेगविनांकडे गेला. ते देवळामागच्या वाफ्यात वाटाणे टोकत होते, गुडघ्यांवर, झगा वर खोचून. टाटविन वाफ्याच्या कडेला उभा राहिला. "पाद्रीबाबा, पाप कोणी केलं ते सगळ्यांना माहीत आहे. कोणाचं काय केलं, ते सांगा."

"माझे ओठ शिवलेले आहेत, टाटविन. तुलाही माहीत आहे."

"मग राजाकडे जातो."

प्लेगविनांनी मातीचे हात झटकले. "राजा काय विचारेल? शपथ घे म्हणेल. तुझी शपथ एक, त्याची शपथ एक. फणी करणाऱ्याची शपथ केवढी, आणि कारभाऱ्याची केवढी? तुझ्यासारखे पन्नास उभे केलेस तरी ताजवा हलायचा नाही. आणि इथला न्याय करायचा कोणी, तर त्यानेच. रागावू नकोस. मी हा ताजवा बनवला नाही."

"तुम्ही दुसरा बनवलात."

"हो," पाद्रीबाबा म्हणाले. "म्हणूनच. राजाच्या न्यायात तो सुटलाच असता, हसत. माझ्यापुढे तो गुडघे टेकून रडला."

"किती वेळ?"

प्लेगविन चिडले नाहीत. "पाप म्हणजे ओझं आहे, बाळ. एकट्याला उचलत नसेल तर दहा जणांनी हात लावायचा. सगळे एकाच देहाचे अवयव आहोत आपण. हात दुखला तर पोट उपाशी राहतं, तसं."

"आणि ओझं ज्याच्यावर पडलं, तो कुठला अवयव?"

"त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो," पाद्रीबाबा भाबडेपणाने म्हणून गेले. मेलेल्यांसाठीची प्रार्थना वेगळी असते आणि ती रोज सकाळी होते, हे हॅमविकमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्लेगविनांनी हातातला वाटाणा नीट मातीत खोचला, वर माती सारली, ती दाबली. पुन्हा दाबली.

"नाव काय घेता?" टाटविनने विचारलं.

"नाव न घेता करतो."

"देवाला कसं कळतं?"

प्लेगविनांनी पुढचा वाटाणा उचलला. टाटविन जायला वळला तेव्हा मागून पाद्रीबाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "गुरुवारी बिशप येतील. प्रत्येकाला विचारतील. केला म्हणायचं आणि सुटायचं. बाराच्या बारा पुरे झाल्याशिवाय ते कारभाऱ्याला देवळात घेणार नाहीत. फार नियमाचे आहेत ते." बोलताना ते टाटविनकडे बघत नव्हते. वाटाण्यांशी बोलावं तसं बोलत होते. ते समजावत होते की काही सुचवत होते, हे टाटविनला तेव्हा कळलं नाही, आणि कदाचित त्यांनाही कळलं नसावं.

गुरुवारी देवळाच्या दाराशी सगळं बंदर जमलं. बिशप विंटनहून आले होते, म्हातारे, सर्दीने हैराण, एका कानाने बहिरे. उंबऱ्याच्या आत ते, बाहेर कारभारी, उघड्या डोक्याने, पण पायांत मऊ चामड्याचे जोडे आणि कमरेला सुरा. उंबरा ओलांडला की तो शुद्ध. पुन्हा वेदीपाशी उभं राहायचं, पवित्र भाकर घ्यायची, चोरांचा न्याय करायचा. बाजूला बारा जण अनवाणी, पिंजारलेले. भाड्याने आणलेली भुतं दिसत होती ती. त्यांच्यासाठी लोकरीच्या घड्या आत रचून ठेवलेल्या दिसत होत्या, करड्या, नव्या, धुतलेल्या लोकरीचा तेलकट वास बाहेरपर्यंत येत होता. टाटविनला थंडी वाजत होती आणि ती लोकर त्याला फार, फार हवीशी वाटली. हे त्याला नंतर नाकारता आलं नसतं.

बिशप एकेकापाशी थांबत होते. "या माणसासाठी उपास केलास?" "केला." "केलास?" "केला, महाराज." किती सोपा शब्द. दोन अक्षरं, आणि एक माणूस तेवढा हलका होतो. टाटविन ऐकत होता. केला, केला. त्याला लेओफाचा आवाज आठवला, एवढासा, सगळ्या गोष्टी दोन ढिगांत घालू बघणारा. पाऊस घडला. धपाटा केला. होडीतला तो झटका? तो तर केलेला. आणि मी शिव्या दिल्या त्या? त्याही केलेल्याच, दादा. मग उरलं काय? "केलास?" बिशप मावशीला विचारत होते. मावशी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाली, "केला हो, केला! दोन घरच्या धान्यावर केला!" लोक हसले. बिशपांना नीट ऐकू आलं नाही, तेही हसले. मग ते टाटविनसमोर आले. नाक पुसलं. "या माणसासाठी उपास केलास?"

"घडला," टाटविन म्हणाला.

"आं?"

"घडला, महाराज."

"केला म्हण," बिशप मायेने म्हणाले. खेडवळ माणूस, शब्द चुकला असेल. "केला."

"केला नाही. घरात धान्य नव्हतं. त्यांचे जव मी देऊन टाकले होते. समोर भाकरी असती तर मी खाल्ली असती. याच्यासाठी मी एक दिवससुद्धा उपाशी राहिलो नाही. नुसती भूक होती." तो हे सगळं सावकाश, बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. कोणावर आरोप नव्हता त्यात. शपथ नव्हती. एका फणी करणाऱ्याला आपल्या पोटाबद्दल जे माहीत असतं तेवढंच होतं, आणि त्यावर पन्नास साक्षीदार आणूनही कोणाला काही म्हणता आलं नसतं.

बिशपांनी प्लेगविनांकडे बघितलं. प्लेगविनांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते स्पष्ट म्हणाले, "तो म्हणतो ते बरोबर आहे, महाराज. न मिळाल्याने राहिलेली भूक उपासात धरत नाहीत. मीच शिकवलं आहे ते इथे." बिशप थोडा वेळ नाक पुसत राहिले. मग कारभाऱ्याकडे वळून, रोजचंच काही सांगावं तसं म्हणाले, "बाराव्याचा उपास झालेला नाही. तो तुझ्यावर राहिला. तूच कर आता. पहिल्यापासून. बाकीच्यांसारखाच, अनवाणी आणि लोखंडाशिवाय. आणि काय रे," ते पुन्हा टाटविनकडे वळले, "जव का दिलेस?"

"जवापाठोपाठ फणी आली होती, महाराज," टाटविन म्हणाला.

बिशपांना यातलं काही समजलं नाही. इतरांना हळूहळू समजलं. गर्दीत मागून पुढे एक शांतता सरकत आली. मावशीने पदराखालून फणी काढली आणि सगळ्यांसमोर आपल्या पिंजारलेल्या विरळ केसांतून फिरवायला सुरुवात केली, सावकाश. ज्या जागी दाता नव्हता तिथून पांढऱ्या केसांची एक बट न विंचरता सुटत होती. तिचा उपास संपला होता, तिला मुभा होती. कारभारी त्या फणीकडे बघत होता. मग त्याने मान वळवून टाटविनकडे बघितलं. आता त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

तो खाली वाकला. एक जोडा काढला. दुसरा काढला. दोन्ही नीट जुळवून उंबऱ्याशी ठेवले. त्याचे पाय गोरे आणि मऊ होते, लहान मुलाच्या पायांसारखे, आणि खाली त्याचीच खडी होती. मग तो सरळ झाला आणि त्याचा उजवा हात कमरेपाशी गेला. सुरा सोडून दगडी पायरीवर ठेवायचा, एवढंच उरलं होतं. सगळे लोखंड दगडाला लागल्याच्या आवाजाची वाट बघत होते. टाटविनही. त्याच्या खांद्यातला झटका इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थांबला होता, आणि तिथे आता नुसती थंडी भरत होती. कारभाऱ्याचा हात सुऱ्याच्या मुठीवर होता. फणीचा केसांतून जाण्याचा आवाज येत होता. तो आवाज येत राहिला, आणि लोखंडाचा आला नाही.